ताशी ८७ किलोमीटरचा वारा आणि १२० फुटांचा फलक: घाटकोपर, १३ मे २०२४

१३ मे २०२४ रोजी दुपारी मुंबईवर आलेला वळीव तसा नेहमीचाच होता. मे महिन्यात बदलापूर-अंबरनाथच्या बाजूला ढग चढतात, दुपार कलली की धूळ उडवत वारा येतो, थोडा पाऊस पडतो आणि संध्याकाळी हवा निवते. त्या दिवशी कल्याण, उल्हासनगर, ठाणे या पट्ट्यातही धुळीचं वादळ झालं. मुंबई विमानतळावरची उड्डाणं तासाहून थोडी अधिक काळ थांबली, विमानं दुसरीकडे वळवावी लागली. मेट्रोच्या विजेच्या तारेवर बॅनर जाऊन पडला. वडाळ्यात पार्किंगचा लोखंडी मनोरा कोसळला. आणि साडेचारच्या सुमारास घाटकोपरच्या छेडानगरमध्ये, पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर, सुमारे १२० बाय १४० फुटांचं होर्डिंग आडवं झालं. १७ माणसं गेली, ७० हून अधिक जखमी झाली.

बातम्यांमध्ये शब्द होता ‘वादळी वाऱ्यामुळे’. हा शब्द तपासून पाहिला पाहिजे, कारण आकडे दुसरंच सांगतात.

वारा आला कुठून

एप्रिल-मेमध्ये कोकणपट्टीत दिवसा समुद्रावरचा दमट वारा आत शिरतो आणि सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोचतो. घाटमाथ्यापलीकडची हवा तापलेली आणि कोरडी असते. हे दोन प्रवाह जिथे भिडतात तिथे हवा वर उचलली जाते, डोंगराचा चढ तिला आणखी ढकलतो आणि तास-दोन तासांत क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी पावसाचा उंच ढग, उभा राहतो. म्हणूनच वळवाची सुरुवात पुष्कळदा कर्जत, मुरबाड, शहापूरच्या अंगाला होते आणि मग ढग पश्चिमेकडे, सपाटीवर उतरतात.

नुकसान करतो तो या ढगातून खाली कोसळणारा गार वारा. मे महिन्यात ढगाचा तळ उंच असतो आणि त्याखालची हवा कोरडी. पावसाचे थेंब पडता पडता सुकतात, सुकताना भोवतालच्या हवेतली उष्णता घेतात. हवा गार आणि जड होते आणि वेगाने खाली येते. जमिनीवर ओतलेल्या घागरीच्या पाण्यासारखी ती मग चहूकडे पसरते. या पसरणाऱ्या हवेची पुढची कड म्हणजे वादळी झोताची आघाडी. ती पावसाच्या पुढे धावते आणि वाटेतली धूळ उचलून भिंतीसारखी उभी करते.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की सगळ्यात जोराचा झोत बहुतेक वेळा पहिल्या सरीच्या आधी किंवा सरीबरोबरच येतो. पाऊस धरला की लोक आडोसा शोधतात, पण वाऱ्याचा धोका त्याआधीच सुरू झालेला असतो. शिवाय हा झोत सरळ रेषेत एकसारखा वाहत नाही. एका उपनगरात ताशी ४० किलोमीटर, चार किलोमीटरवर ८०, असं सहज होतं. जिल्ह्यासाठी दिलेला अंदाज हा त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक चौकाचा अंदाज नसतो.

मुंबईला कुलाबा आणि वेरावली इथे डॉप्लर रडार, म्हणजे ढगांची आणि वाऱ्याची हालचाल टिपणारी यंत्रं, आहेत. त्यांच्या आधारे हवामान विभाग तीन तासांपुरता ‘नाउकास्ट’ देतो. वळवाच्या बाबतीत उपयोगी पडतो तो हाच. चोवीस तासांच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ एवढंच असतं, आणि त्याहून जास्त तो सांगूही शकत नाही, कारण तो ढग तेव्हा जन्मालाही आलेला नसतो.

आकड्यांत काय दिसतं

घटनेनंतर व्हीजेटीआय या मुंबईतल्या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी जी तपासणी केली, तिच्यातले तीन आकडे या प्रकरणाचा गाभा आहेत. त्या दिवशी वाऱ्याचा वेग ताशी ८७ किलोमीटर. मुंबईत अशा बांधकामाने सोसायला हवा तो वेग ताशी १५८ किलोमीटर. आणि हा फलक प्रत्यक्षात तग धरू शकत होता तो ताशी ४९ किलोमीटरपर्यंत.

१५८ हा आकडा हवेतून आलेला नाही. भारतीय मानक ८७५, भाग ३ मध्ये देशाचा वाऱ्याचा नकाशा आहे. त्यात मुंबईचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजेच ताशी १५८ किलोमीटर. नागपूरलाही ४४, पुणे आणि नाशिकला ३९. हा वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरच्या तीन सेकंदांच्या झोताचा असतो आणि पन्नास वर्षांतून एकदा येऊ शकेल असा धरलेला असतो. म्हणजे झोत धरूनच मानक बनलेलं आहे. ‘अचानक झोत आला’ ही सबब अभियंत्याला चालत नाही.

वेगातला फरक दाबात वर्गाने वाढतो. सूत्र सोपं आहे: दाब = ०.६ × वेग × वेग. वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा, दाब चौरस मीटरला न्यूटनमध्ये मिळतो. किलोत बदललं तर:

ताशी ४९ किमीला चौरस मीटरमागे सुमारे ११ किलो.
ताशी ८७ किमीला सुमारे ३६ किलो.
ताशी १५८ किमीला सुमारे ११८ किलो.

म्हणजे त्या दुपारी फलकावर जो दाब आला तो सोसण्याच्या क्षमतेच्या तिपटीहून थोडा जास्त होता, पण मानकाने मागितलेल्या दाबाच्या जेमतेम ३० टक्के. एवढ्या वाऱ्यात नीट बांधलेल्या फलकाचा फार तर फ्लेक्स फाटायला हवा होता.

आता आकाराचं बघू. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट, म्हणजे १,६०० चौरस फूट. १२० बाय १४० म्हणजे १६,८०० चौरस फूट, साधारण १,५६० चौरस मीटर. क्षेत्रफळ साडेदहा पट. पण गोष्ट तिथे थांबत नाही. फलक उलथतो तो वाऱ्याच्या जोराने आणि तो जोर किती उंचीवर लागतो त्याने. ४० फुटी फलकावर जोर सरासरी २० फुटांवर लागतो असं धरा, १२० फुटीवर ६० फुटांवर. दोन्ही खालून जमिनीला टेकलेले धरले तरी उलथवणारा जोर, ज्याला अभियंते आघूर्ण म्हणतात, साडेदहा गुणिले तीन, म्हणजे साडेएकतीस पट होतो. ताशी ८७ किमीला लहान फलकावर जेमतेम सव्वापाच टन जोर येतो आणि आघूर्ण ३२ टन-मीटर. मोठ्यावर ५६ टन जोर आणि आघूर्ण हजार टन-मीटरच्या वर. यात उंचीनुसार वाढणारा वेग आणि फलकाच्या आकाराचा गुणांक धरलेला नाही. ते दोन्ही आकडे वाढवतातच.

त्यामुळे ‘तिप्पट मोठा बोर्ड, तर खांब तिप्पट मजबूत करा’ हा हिशोब मुळातच फसतो. लांबी-उंची तिप्पट झाली की पाया सत्तावीस पट काम करायला हवा.

पाया

होर्डिंगचे खांब क्वचितच मोडतात. बहुतेक वेळा ते मुळासकट येतात, किंवा बेसप्लेटपाशी, म्हणजे खांबाच्या तळाच्या लोखंडी पाटीपाशी, सुटतात. जमिनीवरचं सगळं लोखंड दिसतं, म्हणून त्याच्याकडे लक्ष जातं. पाया एकदा मातीआड गेला की त्याचा पुरावा फक्त कागदावर उरतो.

ढोबळ हिशोब करून पाहा. ताशी १५८ किमीला या फलकावर सुमारे १८५ टन जोर, आघूर्ण ३,३८५ टन-मीटर. सुरक्षिततेसाठी दीडपट धरलं तर ५,०८० टन-मीटर. पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, न घालता नुसत्या वजनावर हे तोलायचं असेल आणि पायाची रुंदी १० मीटर असेल, तर उलथण्याच्या कडेपासून वजनाचं अंतर ५ मीटर, म्हणजे वजन हजार टनांच्या वर हवं. आरसीसीचं घनमीटरला अडीच टन धरलं तर ४०० घनमीटरच्या पुढे काँक्रीट: १० बाय १० मीटरचा, ४ मीटर खोल ठोकळा. ६ घनमीटरचे ६५ हून जास्त मिक्सर. सांगाड्याचं वजन आणि वरची माती धरली तर थोडं कमी लागेल, पाइल घातल्यास रचनाच वेगळी होईल. पण कामाचा आवाका कळायला एवढं पुरे. जिथे असा फलक उभा राहिला तिथे असा खड्डा कुणी पाहिला का, हा पहिला प्रश्न असायला हवा.

आणि प्रमाणपत्र? ते होतं. स्ट्रक्चरल स्टेबिलिटीचा दाखला फाइलला लागलेला होता, आणि पुढे दाखला देणाऱ्या अभियंत्यालाही अटक झाली. या दाखल्यांची गंमत अशी, की त्यावर बहुधा ‘संरचना सुस्थितीत असून स्थिर आहे’ असं एक वाक्य असतं. किती वेगाच्या वाऱ्याला स्थिर, हे लिहिलेलं नसतं. वेग नसलेला दाखला म्हणजे वजन न लिहिलेली पावती, ती कुठेही चालते आणि कशालाच बांधील नसते.

परवानगीचा भाग थोडक्यात. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, फलकाला मंजुरी तिकडून, आणि महापालिकेचं म्हणणं की आमचा परवाना नाही. रेल्वेच्या हद्दीत महापालिकेची मर्यादा लागू होते की नाही, हा वाद जुना. वारा हद्द ओळखत नाही, पण फाइल ओळखते. घटनेनंतर महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेत रेल्वेच्या जागेतले ४० बाय ४० पेक्षा मोठे फलक काढायला सांगितलं आणि त्याच ठिकाणचे उरलेले तीन फलकही उतरवले गेले. हे अधिकार १२ मे रोजीही होतेच.

माणसं तिथे का होती

हा भाग तांत्रिक अहवालांत दोन ओळींत उरकला जातो. वास्तविक माणसं मरतात ती इथेच.

धूळ आणि सरी सुरू झाल्यावर महामार्गावरचे दुचाकीवाले आणि रिक्षावाले पंपाच्या छताखाली शिरले. काही जण इंधनासाठी आधीच रांगेत होते. सामान्य माणसाच्या हिशोबाने त्यांनी बरोबर केलं. पण त्या छतावर १२० फुटांची सावली होती. फलक पंपाच्या दिशेने पडला आणि त्याच्या लांबीच्या आत पंप पूर्ण येत होता.

हेच आदल्या वर्षी दोनदा घडलं होतं. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे वादळात मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडखाली लोक जमले. शेजारचं जुनं कडुनिंबाचं झाड शेडवर पडलं आणि ७ जण दगावले. आठवड्याभराने, १७ एप्रिलला, पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याजवळ महामार्गाच्या सेवा रस्त्यालगतचं होर्डिंग पडलं. वारा-पावसापासून आडोसा म्हणून खाली थांबलेले ५ जण गेले. तिन्ही ठिकाणी पडणारी वस्तू वेगळी, क्रम मात्र तोच: आधी वारा, मग सर, मग माणसांची गर्दी जवळच्या पहिल्या छपराखाली, आणि त्या छपराच्या डोक्यावर काहीतरी उंच.

म्हणून आडोशाची निवड वर बघून करायची. फलक, झाड, मोबाइल टॉवर, बांधकामाची परांची किंवा क्रेन जेवढ्या उंचीची, तिच्या दीडपट अंतर सोडायचं. उंची मोजता येत नसेल तर इमारतीचा एक मजला १० फूट धरावा. ४० फुटी फलक म्हणजे चार मजले, त्याच्या दीडपट ६० फूट, साधारण २५ पावलं लांब. आरसीसी इमारतीचा तळमजला, मॉल, स्टेशनची पक्की इमारत हे आडोसे चांगले. पत्र्याची शेड, कंपाउंडची भिंत, टपरी हे वाईट. उड्डाणपुलाखाली वाऱ्याचा धोका कमी, पण दुचाकी रस्त्याच्या कडेबाहेर न्या, कारण धुळीत मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसत नाही. चारचाकीत असाल तर फलक-झाडांपासून दूर थांबून आतच बसा. बंद गाडी विजेपासूनही वाचवते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्यावर जाऊ नये.

झोत येण्याआधीच्या खुणा ओळखता येतात. समुद्राकडून वाहणारा वारा एकदम पडतो आणि थोड्या वेळात पूर्वेकडून गार झुळूक येते. ढगाचा खालचा काठ फळीसारखा काळा दिसतो. क्षितिजावरची धूळ तांबूस होते. गार झुळूक लागल्यापासून मोठा झोत यायला पाच-दहा मिनिटं मिळतात, कधी तेवढीही नाही. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप आहे, वाऱ्यासाठी मात्र नाउकास्ट आणि आपले डोळे.

पंपावरचं बचावकार्य

सांगाडा एकाच जाळीसारखा खाली आला होता. एक टोक उचललं की दुसरं हलायचं आणि खाली गाड्यांत माणसं अडकलेली. लोखंड झटपट कापायला गॅस कटर लागतो, पण पायाखाली इंधनाच्या टाक्या आणि चेपलेल्या गाड्यांतून गळणारं पेट्रोल. त्यामुळे सुरुवातीला कटर वापरता येईना, क्रेन आणि हायड्रॉलिक साधनांवर भिस्त ठेवावी लागली. पुढे कापकाम सुरू झाल्यावर आग लागली, जवळच असलेल्या अग्निशमन दलाने ती लगेच विझवली. १३ च्या संध्याकाळी सुरू झालेलं काम एनडीआरएफने १६ मे रोजी संपवलं. शेवटचे दोन मृतदेह एका मोटारीतून मिळाले.

पंपचालकांना यातून दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. आणीबाणीचं बटण, म्हणजे सगळ्या डिस्पेन्सरचा वीजपुरवठा एकदम तोडणारं, छताच्या एकाच बाजूला असू नये. आणि नाउकास्ट आला की भरणं थांबवून रांग मोकळी करायची. छताखाली माणसं येऊ देणं ही माणुसकी आहे, पण शेजारी उंच फलक असेल तर त्यांना पुढच्या पक्क्या इमारतीकडे पाठवणंच योग्य.

मार्चअखेरची तपासणी

वळवाचा हंगाम एप्रिलपासून. पाहणी त्याआधी व्हावी, मेमध्ये पावसाळापूर्व कामांबरोबर केली तर ती उशिराची. सोसायटी, ग्रामपंचायत किंवा जागेचा मालक, कुणीही पाहू शकेल अशा खुणा:

बेसप्लेट आणि काँक्रीट यांच्यात फट आहे का. पत्त्याचं पान आत जात असेल तर ग्राउट, म्हणजे तिथे भरलेला सिमेंटचा मसाला, गेलेलं आहे. बेसप्लेट पायाला जखडणाऱ्या अँकर बोल्टचे सगळे नट जागेवर आहेत का, आणि नटाच्या वर निदान दोन आटे दिसतात का. खांब जमिनीत जिथे शिरतो तो वीतभराचा भाग हातोडीने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर गंज आतपर्यंत गेला आहे. सगळ्यात जास्त गंज इथेच असतो, कारण इथे पाणी साचतं आणि रंगारी वाकत नाही. काँक्रीटवर खांबापासून निघणाऱ्या भेगा आहेत का. खांबाभोवतीची माती एका बाजूला उचललेली दिसते का. असेल तर फलक आधीच एकदा हललेला आहे, तो भाग दोरी लावून बंद करा आणि अभियंत्याला बोलवा.

कागदपत्रांत मागायच्या गोष्टी: धरलेला वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये, मातीची धारणक्षमता, पायाचा प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे नकाशा, काँक्रीट ओतण्याआधीचे खड्ड्याचे फोटो, अँकर बोल्टचा व्यास आणि लांबी. मंजूर आकार आणि उभा आकार टेपने मोजून ताडा. मंजुरीनंतर वर एक ‘एक्स्टेन्शन’ चढवलेलं सर्रास आढळतं आणि ते नेमकं जिथे तरफ सगळ्यात लांब, तिथे असतं. फ्लेक्सची दोरी पातळ ठेवणारे जुने कारागीर बरोबर करतात. फ्लेक्स आधी फाटला तर जोर उतरतो. त्याच चौकटीवर पत्रा ठोकला की ती सोय संपली.

उतरवताना

घाटकोपरनंतर राज्यभर फलक घाईने उतरवायला सुरुवात झाली, आणि त्यात वेगळा धोका आहे. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळच्या चौकात रेल्वेच्या जागेतला सांगाडा काढताना तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला, ४ जण गेले. कापणं खालून सुरू झालं होतं.

क्रम वरून खाली हवा. आधी फ्लेक्स किंवा पत्रे, म्हणजे वाऱ्याचा जोर लगेच कमी होतो. मग वरच्या आडव्या पट्ट्या, दोन्ही बाजूंनी सारख्या, म्हणजे तोल एका अंगाला जात नाही. तिरके टेके सगळ्यात शेवटी. खांबाला कटर लावण्याआधी क्रेनचा पट्टा खांबाच्या मध्याच्या वर बांधून ताणलेला पाहिजे, नुसता अडकवलेला नाही. तेवढ्या वेळासाठी फलकाच्या उंचीच्या दीडपट परिघात वाहतूक पूर्ण बंद, सिग्नलवर तर नक्कीच. आणि काम पहाटे सुरू करून दुपारपूर्वी थांबवायचं. अर्धा कापलेला सांगाडा वळवाच्या तोंडी रात्रभर सोडून जाणं हे न कापलेल्यापेक्षा जास्त धोक्याचं. त्या दिवशी काम पुरं होणार नसेल तर फक्त फ्लेक्स काढून घ्यावा, लोखंडाला हात लावू नये.